तुऱ्याची वाट पाहणारा माणूस

उसाला तुरा आला की आपला जीव हळहळतो. वजन घटणार, उतारा घटणार! पण १९१२ साली ऊस-पैदास केंद्र कोइमतूरला निघालं, ते तिथं उसाला तुरा येऊन बी चांगलं धरतं म्हणूनच.

तिथले डॉ. बार्बर आणि त्यांचे सहकारी टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, रसाळ उसाचा संकर केला. कशाशी? तर ओढ्याकाठच्या रानगवताशी! त्यात साखर नावापुरती, पण काटकपणा भरपूर. आपण ते खुरप्यानं काढून टाकलं असतं. त्या संकरातून निवडलेला को २०५ हा वाण १९१८ साली उत्तरेकडच्या शेतकऱ्यांच्या हाती पडला.

कांडीपासून लावलेला ऊस मूळ उसासारखाच निघतो. बियाचं प्रत्येक रोप मात्र निराळं. ढीगभर रोपं वाढवायची, रस तपासायचा आणि बहुतेक सगळी टाकून द्यायची, तेही वर्षानुवर्षं. एडिसन पोरांना पाठ असतो, वेंकटरामन नाही. माझ्या लेखी मात्र हाच माणूस मोठा.

वडिलांच्या वेळचा को ७४० घ्या, की अलीकडचा को ८६०३२. नावातला ‘को’ म्हणजे कोइमतूर. आणि दोघांच्याही अंगात रानगवताचा अंश आहेच.