मागे पडलेली मुले आणि बडोद्याचा प्रयोग

‘कच्चा विद्यार्थी’ हा शब्द शिक्षक-पालकांच्या तोंडी इतका रुळला आहे की, कच्चेपणा मुलात असतो की वर्गाच्या रचनेत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी व एस्थर दुफ्लो यांच्या संशोधनाचे एक महत्त्वाचे पर्व याच प्रश्नाने व्यापले आहे. २०१९ च्या नोबेल पारितोषिकाने ही नावे सर्वतोमुखी झाली. परंतु या पर्वाचा पाया बडोद्याच्या महानगरपालिका शाळांतही घातला गेला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

त्या शाळांत तिसरीच्या वर्गातील पाचांपैकी जेमतेम एका मुलाला पहिलीचे गणित येत होते. ‘प्रथम’ संस्थेने त्यावर ‘बालसखी’ची योजना काढली. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास वेगळी घेऊन बसे आणि वाचन, अंकओळख, बेरीज-वजाबाकी यांची उजळणी करून घेई. २००१ ते २००३ या काळात या योजनेची पारख झाली. बडोद्यात कोणत्या शाळेत तिसरीला बालसखी द्यावयाची व कोणत्या शाळेत चौथीला, हे सोडतीने ठरविले. पुढील वर्षी अदलाबदल केली. यामुळे तुलनाही साधली आणि कोणतीही शाळा रिकाम्या हाताने परतली नाही. ही युक्ती मला फार मार्मिक वाटते.

निष्कर्ष विचारात पाडणारा होता. बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. मूळ वर्गात राहिलेल्यांना मात्र वर्ग लहान होऊनही विशेष लाभ झाला नाही. बालसखीचे प्रशिक्षण तर अवघे दोन आठवड्यांचे! म्हणजे फरक पदवीचा नव्हता, गर्दीचाही नव्हता. मूल जेथे अडले होते तेथूनच आरंभ करण्याचा होता. अर्थात, योजना संपल्यावर वर्षभरात या लाभाचा बराचसा भाग ओसरला, हेही संशोधकांनी प्रांजळपणे नोंदविले.

पुढे बिहार व उत्तराखंडात शिक्षकांना प्रशिक्षण व साहित्य दिले, तरी वर्गातला पाठ बहुधा पूर्वीसारखाच राहिला. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई सुटेना. हरियाणात २०१२-१३ मध्ये वेळापत्रकातच एक तास राखून ठेवला. त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुले इयत्तेनुसार बसत नसत; ज्याला जेवढे वाचता येई, त्याप्रमाणे त्याचा गट ठरे. हिंदी वाचनात तेथे सुधारणा झाली.