बारडोलीचे सूत

बारडोली म्हटले की सरदार वल्लभभाई आठवतात, शेतसारा आठवतो, जप्त्या आठवतात. सूत मात्र सहसा कोणास आठवत नाही. गेल्या थंडीत बडोद्यातील एका शाळेच्या सहलीबरोबर मी तेथील स्वराज आश्रम पाहून आलो, आणि ही उणीव फार जाणवली.

सुरतेच्या पूर्वेस वीसएक मैलांवर हे गाव. व्यारा, सोनगड हा शेजारचा मुलूख गायकवाडांचा आणि बारडोली तालुका मात्र इंग्रजांचा, हे ऐकून मुलांस नवल वाटले. १९३० साली सरकारी जाचामुळे बारडोलीचे शेतकरी गुरेढोरे घेऊन घराबाहेर पडले, ते हद्द ओलांडून बडोदे संस्थानच्या गावांतच आले. तेव्हा हा इतिहास आपल्याही घरचा आहे.

छायाचित्रे पाहून झाल्यावर बाईंनी मुलांना झाडाखाली बसवले आणि बरोबर आणलेल्या टकळ्या व पेळू वाटले. पीळ कमी पडला की धागा सुटे, जास्त पडला की त्याच्या गाठी होत. दहा मिनिटांत सगळीकडे तुटके सूत! एका मुलीने वैतागून विचारले, "बाई, असल्या सुताने इंग्रज कसे हो हरले?"

प्रश्न रास्त होता. नुसत्या सुताने कोणी हरत नाही. पण १९२२ साली काय घडले ते पाहावे. करबंदीसाठी बारडोली सज्ज असतानाच ४ फेब्रुवारीस चौरीचौऱ्यास हिंसा झाली. आठवड्यानंतर बारडोलीतच काँग्रेस कार्यकारिणी बसली. तिने कायदेभंग थांबवला आणि चरखा, खादी, अस्पृश्यतानिवारण ही कामे हाती घ्यावयास सांगितले. कित्येकांस तो पराभव वाटला. परंतु कार्यकर्ते तालुक्यात ठाण मांडून राहिले. वेडछीकडे ज्यांना 'काळीपरज' म्हणून हिणवीत, त्या वनवासी लोकांत चरखा गेला. 'राणीपरज' हे मानाचे नाव त्यांस त्याच काळात मिळाले.

पाच वर्षांनी सरकारने सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी लढा सुरू झाला, तेव्हा घरोघर निरोप नेणारी माणसे गावास परकी नव्हती. ऑगस्टात समेट झाला. पुढे ब्रूमफिल्ड-मॅक्सवेल चौकशीत योग्य वाढ जेमतेम ६ टक्के ठरली. १९४१च्या डिसेंबरात गांधीजींनी विधायक कार्यक्रमावरील आपली पुस्तिका लिहिली, तीही सेवाग्रामहून बारडोलीस जाताना आगगाडीत. लढाईचे गाव आणि कामाचे गाव एकच, हे त्यांच्या मनात पक्के होते.

आमच्या सहली हे उलगडून दाखवीत नाहीत. मुले काचेपलीकडचा चरखा पाहतात, फोटो काढतात आणि मोटारीत बसतात. माझी सूचना साधी आहे. सहलीपूर्वी महिनाभर प्रत्येक मुलाच्या हाती टकळी द्यावी. रोज पाव तास कातू द्यावे, तुटलेला धागा त्याचा त्यालाच जोडू द्यावा. मग बारडोलीत त्यास फार सांगावे लागणार नाही.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, ते हाताला विद्या देण्यासाठीच. त्या शहरातील मुलांना पेळू म्हणजे काय हे प्रथम सहलीत कळावे, हे आपल्याला शोभत नाही.