पैनगंगेकाठी बारा दिवसांचं शिक्षण

बेला हे आदिलाबाद जिल्ह्याचं उत्तरेकडचं टोक. आदिलाबादहून आलेला मोठा रस्ता इथून पुढे कोरपना, गडचांदूर, राजुऱ्याकडे, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात निघून जातो. उत्तरेला पैनगंगा, आणि पलीकडच्या काठावर यवतमाळ जिल्ह्यातला झरी जामणी तालुका. कारभार तेलंगणाचा आणि तेलुगूत, पण घराघरात मराठी ऐकू येते. जमीन काळी, पीक कापसाचं. ही जमीन पाणी धरून ठेवते म्हणून कापूस येतो, आणि त्याच कारणाने नदीचं पाणी एकदा शेतात शिरलं की झाडं उभ्या उभ्या सडतात.

पैनगंगा उगवते बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या रांगेत. वाशीम, हिंगोली, नांदेड, यवतमाळ अशा जिल्ह्यांचं पाणी गोळा करत ती इथवर येते. वाटेत इसापूरचं धरण आहे. त्यामुळे बेल्यात ऊन पडलेलं असताना पूर येऊ शकतो. वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळला, धरणाचे दरवाजे उघडले, की खाली पाणी चढतं. जुलै २०२३मध्ये हे सगळ्यांनी पाहिलं. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर पंचेचाळीसच्या आसपास माणसं पाण्यात अडकली आणि त्यांच्यासाठी वायुदलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. त्याच पावसात नागपूर-हैदराबाद महामार्गावर, डोलाऱ्याजवळच्या पैनगंगेच्या पुलावरची वाहतूक थांबली. दोन राज्यांना जोडणारा मुख्य रस्ताच बंद झाल्यावर काठावरच्या गावांनी मदतीची वाट कुठल्या दिशेने पाहायची?

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, ज्याला सगळे एनडीआरएफ म्हणतात, त्याची तेलंगणाकडे पाहणारी दहावी तुकडी विजयवाड्याजवळ असते आणि महाराष्ट्राची पाचवी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. पावसाळ्यात त्यांची पथकं मोक्याच्या शहरांत आधीच आणून ठेवतात, तरी हैदराबादहून आदिलाबाद तीनशे किलोमीटर आहे. हे जवान त्यांच्या कामात तरबेज आहेत, यात वाद नाही. मात्र रपट्यावरून वाहून जाणारा माणूस पाच-सात मिनिटांत हाती लागला तर लागला. तेवढ्या वेळात तिथे जो उभा असतो तोच बचाव दल. तो शेजारी असतो, दुकानदार असतो, बसची वाट पाहणारं कॉलेजचं पोरगं असतं.

या उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी शिकवून ठेवावं, एवढ्या साध्या विचारातून ‘आपदा मित्र’ ही योजना निघाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६मध्ये ती देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू केली, जिल्ह्यामागे २०० स्वयंसेवक. २०२१मध्ये तिचा विस्तार ठरला: ३५० जिल्हे आणि एक लाख माणसं. वय साधारण १८ ते ४०, प्रशिक्षण बारा दिवसांचं, पगार नाही. ओळखपत्र, प्रमाणपत्र, ठरावीक मुदतीचा विमा आणि एक पिशवी मिळते. कल्पना जगात नवी नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात १९५५च्या फेब्रुवारीत हंटर नदीला महापूर आला आणि त्याच वर्षी तिथे स्टेट इमर्जन्सी सर्व्हिस उभी राहिली. नारंगी गणवेशातले तिचे स्वयंसेवक आजही वादळात उडालेल्या छपरांवर ताडपत्र्या बांधतात आणि पुरात होड्या चालवतात. आपल्याकडेही गृहरक्षक दल मुंबईत डिसेंबर १९४६मध्ये उभं राहिलं, ते नागरिकांनाच गणवेश देऊन. फक्त त्या वेळी डोळ्यांसमोर पूर नव्हता, दंगली होत्या.

आपदा मित्राची पिशवी उघडून पाहण्यासारखी आहे. लाइफ जॅकेट, हेल्मेट, डोळ्यांवर लावायचा गॉगल, हातमोजे, गमबूट, रेनकोट, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी, चाकू, लायटर, शिट्टी, पाण्याची बाटली, मच्छरदाणी. यादी करणाऱ्याने पुरातली रात्र नीट डोळ्यांसमोर आणली असावी, कारण मच्छरदाणी आणि लायटर कार्यालयात बसून सुचत नाहीत. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती शिट्टी. पाण्याच्या आवाजात माणसाची हाक पन्नास पावलांवर विरून जाते, शिट्टी पलीकडच्या काठाला ऐकू जाते, आणि ती वाजवायला भाषा लागत नाही. एका काठावर मराठी-तेलुगू, दुसऱ्या काठावर मराठी-गोंडी अशा मुलखात हा गुण लहान नाही.

बारा दिवसांत काय शिकवतात? दोरीच्या गाठी, जखमीला उचलायच्या पद्धती, छाती दाबून हृदय चालू ठेवायचं तंत्र, पुरातला बचाव, आग, साप. पाण्यातल्या बचावाचा क्रम जगभर एकच आहे आणि तो आपल्या स्वभावाच्या उलटा आहे. आधी काठावरूनच हात, काठी, बांबू पुढे करायचा. तेवढं पुरलं नाही तर दोरी किंवा तरंगणारी वस्तू फेकायची. मग होडी. स्वतः पाण्यात उतरणं सगळ्यांत शेवटी, आणि तेही अंगाला दोर बांधून. आपल्याकडे बातम्या मात्र उडी मारणाऱ्याच्याच होतात. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला बुडाला, हे वाक्य दर पावसाळ्यात छापून येतं. काठावर उभं राहून ट्यूब फेकणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही.

फेकायला काय, तर घरात असेल ते. टायरची ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा, पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची मोट. यातलं बरंचसं नदीकाठच्या भोई आणि ढीवर लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. सुकवलेले भोपळे पोटाला बांधून ते पूर पार करत, डोंग्यातून माणसं काढत. पूल झाले, डोंगे कमी झाले आणि नदी वाचणारी माणसंही कमी झाली. आपदा मित्रांच्या वर्गात शिकवणारे बाहेरून येतात. त्यांच्या शेजारी काठावरचा एखादा जुना नावाडी बसवला, तर कुठल्या वळणाला भोवरा पडतो आणि कुठला नाला नदीच्या आधी फुगतो, हेही पोरांना कळेल. पुस्तकात पैनगंगेचं पान नसतं.

नुसती हिंमत किती महाग पडते, हे ८ ऑगस्ट २०१९ला ब्रह्मनाळने दाखवलं. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात, कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं हे गाव. महापुराने वेढलेलं. मदत पोचेना म्हणून गावकऱ्यांनी स्वतःची बोट काढली आणि माणसं हलवायला सुरुवात केली. एका फेरीत तीसच्या आसपास लोक चढले, अंगात लाइफ जॅकेट नव्हती, बोट उलटली. १७ माणसं गेली, त्यांत बायका आणि लेकरं होती. दोष त्या बोट चालवणाऱ्यांना देता येत नाही. ते शेजारधर्मच करत होते. पण बोट भरली की पुढच्याला ‘थांब, दुसऱ्या फेरीत ये’ म्हणायला आणि त्याला ते ऐकायला लावायला एक अधिकार लागतो. गणवेश, ओळखपत्र आणि शिट्टी यांचा खरा उपयोग इथे आहे. पाणी दारात आलेलं असताना आपल्याच भावकीतल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं.

उलट बाजूचं उदाहरण रायगड जिल्ह्यातलं. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर जायला गाडीरस्ता नव्हता, जेसीबी चढू शकत नव्हता, अंधार आणि पाऊस. अशा वेळी डोंगराची वाट पायाखालची असलेले खोपोली परिसरातले गिर्यारोहक कामी आले. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्था घाटात आणि दऱ्यांत वर्षानुवर्षं हेच करतात. छंद म्हणून शिकलेली दोरीची विद्या त्यांनी दुसऱ्याच्या कामी लावली. सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जाणारी ही मंडळी दर आठवड्याला नकळत सराव करतात, आणि इथेच आपदा मित्रांची योजना लंगडी पडते. बारा दिवस शिकलेली गाठ पुढच्या पावसाळ्यापर्यंत बोटं विसरतात. छाती दाबण्याचं तंत्र, प्रौढ माणसाला दोन इंच खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे सरावाशिवाय टिकत नाही. दर वर्षी मृगाच्या आधी दोन दिवस नदीवर उजळणी व्हावी, त्याला फार पैसा लागत नाही. शिवाय शिकलेली पोरं गावात राहतात कुठे? कापूस वेचून झाला की कामाला शहर गाठतात. जी वर्षभर गावात असतात त्या बायकांना या वर्गांत मोठ्या संख्येने आणलं पाहिजे, कारण पूर आला तेव्हा घरात म्हातारी आणि लेकरं कुठल्या खोलीत आहेत, हे त्यांनाच माहीत असतं.

पुरापेक्षाही शांतपणे माणसं नेते ती वीज. देशात दरवर्षी विजेने अडीच हजारांहून जास्त लोक मरतात आणि त्यांतले बहुतेक शेतात असतात. जून २०२५मध्ये आदिलाबाद जिल्ह्यात एकाच दिवशी सहा जण गेले, त्यांत बेला मंडलातलेही होते. पेरणीच्या दिवसांत आभाळ भरून आलं तरी हातातलं काम टाकवत नाही, आणि मोकळ्या रानात आडोसा म्हणजे एखादं झाड किंवा बांधावरची खोपडी. दोन्ही धोक्याच्या जागा. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंदांना एक किलोमीटर असा हिशेब धरतात. मधलं अंतर तीस सेकंदांच्या आत आलं की पक्क्या घरात शिरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजेची सूचना मोबाइलवर देतं. पण आपदा मित्राने गावात सांगायची पहिली गोष्ट ॲपची नाही. वीज पडलेल्या माणसाला हात लावला की आपल्यालाही झटका बसतो, ही समजूत अजून घट्ट आहे. त्याच्या अंगात वीज उरत नाही. हृदय थांबलेलं असलं आणि लगेच छाती दाबली, तर काही जण परत येतात. भीतीपोटी लांब उभं राहिलं की तो मरतो.

सरहद्दीच्या काही अडचणी मात्र कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. आपदा मित्रांची यादी जिल्ह्याची असते, नदी दोन्ही जिल्ह्यांची. काठावर मोबाइल पलीकडचा टॉवर पकडतो, तेव्हा १०८ लावला तर फोन दुसऱ्या राज्याच्या केंद्रात जाऊ शकतो आणि तिथल्या बाईंना मंडल म्हणजे काय, इथपासून सांगावं लागतं. झरी जामणीच्या आणि बेल्याच्या स्वयंसेवकांचे नंबर एकमेकांच्या फोनमध्ये असले, तर पाणी चढल्याची खबर सरकारी कागदाच्या आधी पोचेल. सोयरिकी दोन्ही काठांवर आहेतच. लग्नाची पत्रिका जशी पलीकडे जाते तशी ही खबरही जाऊ शकते.

आणि सगळ्यांत अवघड काम म्हणजे माणसाला घराबाहेर काढणं. काठावरचा शेतकरी पाणी चढताना नदीकडे धावतो, कारण तिथे त्याची मोटर बसवलेली असते. ती काढून आणण्याच्या नादात किती जण गेले, याची गणती कुठल्याही तक्त्यात वेगळी धरत नाहीत. दुसरी अडचण गुरांची. खुंट्याला बांधलेला बैल सोडून जायला कुणाचा पाय निघत नाही, आणि तहसीलमधून आलेल्या माणसाने कितीही समजावलं तरी उपयोग होत नाही. तिथे गावचाच कुणी लागतो, ज्याच्या स्वतःच्या दावणीला गुरं आहेत. मोटर राहू द्या, ती पुढच्या वर्षी येईल, दादा. बैलाचं दावं कापा. बैल पोहतो, उंचावर जाऊन उभा राहतो, बांधलेला असला तरच बुडतो. हे सांगायचं ते पाणी अंगणात यायच्या आधी, दुपारच्या उजेडात, कारण रात्री दावं सापडत नाही.