४८ कँडेलाचा पडदा: 'सेटिंग' आणि 'कॅलिब्रेशन' यांतला फरक

लॅबमध्ये नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच ऐकू येतो: 'कॅलिब्रेट केलंस का?' आणि उत्तर बहुतेक वेळा असतं, 'हो, सेटिंग केलं.' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कशा, ते समजून घ्यायला आज लॅबच्या बाहेरचं एक यंत्र घेऊया. थिएटरमधला डिजिटल सिनेमा प्रोजेक्टर.

आधी लक्ष्य, मग बटणं

घरच्या टीव्हीवर आपण 'बरं दिसेपर्यंत' ब्राइटनेस वाढवतो. थिएटरमध्ये हे चालत नाही. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २००२ मध्ये डीसीआय ही संस्था स्थापन केली आणि २००५ मध्ये तिने डिजिटल सिनेमाचे तांत्रिक नियम जाहीर केले. त्यानुसार पूर्ण पांढऱ्या चित्राची पडद्याच्या मध्यभागची ल्युमिनन्स ४८ कँडेला प्रति चौरस मीटर हवी (जुन्या एककात १४ फूट-लॅम्बर्ट). थिएटरसाठी सूट साधारण १० कँडेला इकडे-तिकडे.

हा आकडा कशासाठी? सिनेमाचे रंग पक्के करणारा कलरिस्ट असाच मोजूनमापून लावलेला पडदा बघून निर्णय घेतो. अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यात उभा असलेला माणूस किती दिसावा, हे तिथे ठरतं. तुमच्या थिएटरचा पडदा त्याहून बराच मंद असेल, तर तो माणूस तुम्हाला दिसतच नाही. आणि काही हुकलंय हे कळतही नाही, कारण डोळे अंधाराला सरावतात आणि मंद पडदाही थोड्या वेळाने 'नॉर्मल' वाटायला लागतो. म्हणून इथे डोळ्यावर भरवसा ठेवत नाहीत, मीटर लावतात.

मोजायचं कुठून?

प्रोजेक्टरच्या तोंडाशी नाही. प्रेक्षक बसतो तिथून, पडद्यावरून परत येणारा प्रकाश मोजायचा. कारण वाटेत बूथची काच आहे, तिच्यावर धूळ आहे, शिवाय पडद्याचा स्वतःचा गुणधर्म आहे. थ्रीडीसाठी वापरतात तो चंदेरी पडदा प्रकाश सगळीकडे सारखा फेकत नाही. मधल्या खुर्चीतून लखलखीत दिसणारा पडदा कडेच्या खुर्चीतून फिका दिसू शकतो. दिवाही आधी तापून स्थिर व्हायला हवा, नाहीतर तुम्ही वॉर्म-अपच मोजत बसाल.

क्रम का पाळायचा?

साधारण क्रम असा: आधी चित्राची जागा, आकार आणि फोकस, मग कन्व्हर्जन्स, म्हणजे लाल, हिरवा, निळा या तीन चिप्सची चित्रं एकमेकांवर नेमकी बसवणं (ती हलली असतील तर पांढऱ्या सबटायटलला रंगीत कड दिसते), मग दिव्याची अलाइनमेंट, मग ल्युमिनन्स आणि रंग. पुढची पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून आहे. झूम बदलला की ल्युमिनन्स बदलते, त्यामुळे ल्युमिनन्स आधी लावून नंतर झूम फिरवलात तर सगळी मेहनत वाया.

किती बदलते, ते मोजून बघू. २के प्रोजेक्टरवर 'फ्लॅट' सिनेमा १९९८ × १०८० पिक्सेल वापरतो आणि 'स्कोप' २०४८ × ८५८. गुणाकार केला तर स्कोपमध्ये फ्लॅटच्या सुमारे ८१ टक्केच पिक्सेल कामाला येतात, म्हणजे प्रकाशही तेवढाच. आता पडद्याची उंची कायम ठेवून रुंदी वाढवणारं थिएटर घ्या. तिथे स्कोपचं चित्र २.३९ ÷ १.८५, म्हणजे १.२९ पट मोठं. कमी प्रकाश, जास्त क्षेत्रफळ. ०.८१ ला १.२९ ने भागलं की ०.६३. लेन्सचा इतर परिणाम सोडला, तरी फ्लॅटला नेमके ४८ असलेले कँडेला स्कोपला ३० वर येतात. म्हणजे सरळ सुटीच्या बाहेर! म्हणूनच दोन्ही फॉरमॅटसाठी दिव्याची पातळी वेगवेगळी मोजून सेव्ह करावी लागते.

रंग: मोजलेलं आणि हवं असलेलं

डीएलपी प्रोजेक्टरमध्ये हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. पूर्ण लाल, हिरवा, निळा आणि पांढरा एकेक करून पडद्यावर टाकायचे आणि प्रत्येकाचे x, y निर्देशांक मीटरने घ्यायचे. यंत्रात दोन तक्ते असतात: 'मोजलेले रंग' आणि 'हवे असलेले रंग' (पांढऱ्यासाठी x = ०.३१४, y = ०.३५१). दोन्हींमधला फरक भरून काढणारं मॅट्रिक्स यंत्र स्वतः काढतं. सेटिंग म्हणजे नुसतं बटण फिरवणं. कॅलिब्रेशन म्हणजे या दोन तक्त्यांमधलं अंतर नोंदवून ते मिटवणं.

पण ही दुरुस्ती फुकट मिळत नाही. जो रंग जास्त आहे तो कमी करूनच तोल साधता येतो, त्यामुळे एकूण प्रकाश घटतो. म्हणून रंग झाल्यावर ल्युमिनन्स पुन्हा मोजायची.

मीटरचंही तसंच. फिल्टरवर चालणारा कलरीमीटर झेनॉन दिव्यासाठी जुळवलेला असेल आणि समोर लेझर प्रोजेक्टर आला, तर तोच मीटर चुकीचे आकडे देऊ शकतो, कारण लेझरचा स्पेक्ट्रम अगदी अरुंद रेषांचा असतो. यंत्र तेच, प्रमाणपत्र तेच, परिस्थिती मात्र बदललेली.

आता तुमच्या टेबलाकडे

स्पेक्ट्रोफोटोमीटर असो, पीएच मीटर असो की मायक्रोस्कोप, सुरू करण्याआधी वहीत चार ओळी लिहा. माझं लक्ष्य किती आणि सूट किती? मी शेवटच्या टोकाला मोजतोय की मधेच कुठेतरी? मी आत्ता जे बदललं, त्यामुळे आधीचं कोणतं माप रद्द झालं? आणि माझा मोजणारा कोणत्या परिस्थितीत खरा ठरलेला आहे?

या चार प्रश्नांची उत्तरं तारखेसह लिहिलेली असतील, तर 'कॅलिब्रेट केलंस का?' या प्रश्नाला बिनधास्त 'हो' म्हणा. नसतील, तर तुम्ही अजून फक्त सेटिंग केलंय.