कारवी आणि कुरिंजी

गतवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही काही विद्यार्थ्यांसह चोर्ला घाटात गेलो होतो. उतारावर कारवीचे दाट रान माजले होते. परंतु त्यात एकही फूल नव्हते. "सर, हिला फुले येतच नाहीत का?" एका मुलीने विचारले. तिला दिलेले उत्तर येथे थोडे विस्ताराने सांगावे, असे आम्हांस वाटते.

कारवीची एक बहीण दक्षिणेत राहते. तिचे नाव नीलकुरिंजी. दोघी अडुळशाच्या कुळातल्या; आपली अबोली आणि कोरांटीही त्याच कुळातल्या. दोघींची प्रजाती एकच, 'स्ट्रोबिलँथिस'. जाती मात्र भिन्न.

कारवी सह्याद्रीच्या उतारांवर वाढते. ती पुरुषभर आणि त्याहूनही उंच होते. तिची पाने मोठी व खरखरीत असतात. तिच्या सरळ काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून कोकणात कुडाच्या भिंती उभारीत. कुरिंजीचे झुडूप तिच्या मानाने ठेंगणे व पाने लहान. केरळ व तामिळनाडूतील डोंगरांच्या गवताळ माथ्यांवर, सुमारे १३०० ते २४०० मीटर उंचीवर, तिचा वास असतो.

दोघींची फुले निळी-जांभळी, आणि दोघींचा स्वभाव एकच: दीर्घकाळ थांबणे. कारवी सात वर्षे नुसती वाढते व आठव्या वर्षी फुलते. मुंबईजवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८ व २०१६ साली बहरली. सर्व डोंगरांचे वर्ष मात्र एकच नसते. कुरिंजी बारा वर्षांनी फुलते. मुन्नारच्या परिसरात २००६ व २०१८ साली तिने डोंगर निळे केले. तेथील आदिवासी आपले वय तिच्या बहरांवरून मोजीत, असे सांगतात.

सगळी झुडपे एकदमच का फुलतात? शास्त्रज्ञांचा एक तर्क असा की, बी इतके विपुल होते की किडे व पाखरे यांना ते खाऊन संपवता येत नाही; उरलेले रुजते. कारवीची वाळलेली बोंडे पुढल्या वर्षीच्या पहिल्या पावसात तडतडून फुटतात आणि बी दूर उडते. आईझाड मात्र तोवर मरून गेलेले असते. कुरिंजीचेही तसेच; एकदा फुलायचे, बी द्यायचे आणि संपायचे.

म्हणूनच विद्यार्थिमित्रांनो, बहराच्या वर्षी घाटात गेलात तर फुले डोळे भरून पाहा, पण तोडू नका. गुलाबाला पुन्हा कळी येते. कारवीला दुसरी संधी नसते. आपण खुडलेली डहाळी म्हणजे तिची सात वर्षांची शिदोरी होय.

त्या मुलीला आम्ही एवढेच म्हणालो, "फुले येतात, बाळ. आपल्याला थांबता आले पाहिजे."