पाण्याची शीव, गावाची शीव

गेल्या हिवाळ्यात आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका खेड्यात झाले. शिबिरात आम्ही नाल्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडे शिवायची आणि त्या नाल्यात आडव्या रचायच्या, एवढेच ते काम. पण तिसऱ्या दिवशी बंधाऱ्यामागे गुडघाभर पाणी साचले, तेव्हा आपण भगीरथाच्याच कुळातले असे आम्हांला वाटू लागले. समारोपाच्या दिवशी गावातले एक म्हातारे शेतकरी काठी टेकत आले. त्यांनी बंधाऱ्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "बंधारा त चांगला झाला, पोरांनो. पन पुढच्या साली ह्या गोन्या फाटतीन, तवा हा बंधारा कोनाचा?"

आमच्यातला एक म्हणाला, "ग्रामपंचायतीचा." दुसरा म्हणाला, "सरकारचा." म्हातारबा नुसते हसले आणि चहा घ्यायला निघून गेले.

ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांची रचना, सदस्यसंख्या आणि अधिकार हे सारे आम्ही परीक्षेसाठी पाठ केलेले आहे. पण गावातील माती आणि पावसाचे पाणी यांचा कारभार नेमका कोणी पाहायचा, हे काही त्या प्रकरणात नव्हते. घरी आल्यावर मी थोडी चौकशी केली, थोडे वाचले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे. ह्या प्रश्नात माझ्या घरचाही थोडा संबंध आहे, तो पुढे येईलच.

आधी आपला मुलूख डोळ्यांसमोर आणावा. वरवट बकालहून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची निळी रांग दिसते. दक्षिणेला शेगावकडे जाताना पूर्णा ओलांडावी लागते. डोंगर आणि नदी यांच्यामधला हा सारा प्रदेश उताराचा आहे. उतार इतका मंद की सायकलवरून जाणाऱ्याला जाणवत नाही, पण पाण्याला तो बरोबर जाणवतो. डोंगराच्या अगदी पायथ्याला गोटे, वाळू आणि भरड माती यांचा पट्टा आहे. तेथे पाणी झपाट्याने मुरते. त्याच्या खाली काळी, खोल, चिकण जमीन सुरू होते आणि पूर्णेजवळ खारपाणपट्टा लागतो. अकोला, अमरावती व बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून हा पट्टा सुमारे 4,700 चौरस किलोमीटर पसरलेला आहे. तेथे विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते ना पिण्याच्या कामाचे ना ओलिताच्या. वर्षानुवर्षे ते पाणी जमिनीला दिले तर जमीनही बिघडते. म्हणजे वरच्या पट्ट्यात पाणी मुरवायचे, मधल्यात माती धरून ठेवायची आणि खालच्यात आकाशातून पडलेले गोडे पाणी शेततळ्यात साठवायचे, अशी तीन वेगळी कामे एकाच उतारावर करावी लागतात. चिकण मातीत पाणी फार हळू मुरते, म्हणून खारपाणातले शेततळे बरेच दिवस टिकते. तेथे विहीर खोल करून काही साधत नाही.

पाणी म्हणजे किती, याचाही एक हिशेब पाहा. एका एकरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला की सुमारे 40 हजार लिटर पाणी होते. आमची तीन एकर जमीन आहे. एखाद्या दिवशी पाच सेंटिमीटर पाऊस झाला तर आमच्या वावरावरच सहा लाख लिटर पाणी पडते, आणि वरच्या वावरांतून वाहून येते ते निराळेच. हे पाणी माती घेऊन जाते. मग खालच्याच्या डोक्यावर वरच्याचे पाणी आणि वरच्याच्या डोक्यावर खालच्याच्या शिव्या, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चाललेला आहे.

जमिनीची धूप हा एकट्या शेतकऱ्याचा प्रश्न नसून शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा प्रश्न आहे, हे अमेरिकेत फार मोठी किंमत देऊन कळले. 1930 नंतरच्या दशकात तेथील मैदानी राज्यांतली नांगरलेली माती वावटळींबरोबर उडाली. 14 एप्रिल 1935 चा रविवार तेथे 'काळा रविवार' म्हणून ओळखला जातो. त्याच महिन्यात तेथे मृदसंधारणाचा कायदा झाला. ह्यू बेनेट या मृदशास्त्रज्ञाने त्यासाठी वर्षानुवर्षे रान उठवले होते. पण दूर राजधानीत बसून लाखो शेतांचे बांध घालता येत नाहीत. म्हणून 1937 साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना एका नमुना कायद्याचा मसुदा पाठविला. मृदसंधारणाचे स्थानिक जिल्हे स्थापावेत आणि त्यांचा कारभार शेतकऱ्यांतूनच आलेल्या मंडळाने पाहावा, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलिनात, बेनेट यांच्याच गावाकडे, ब्राउन क्रीक नावाचा पहिला जिल्हा स्थापन झाला. 'जिल्हा' म्हणजे आपल्या बुलडाण्यासारखा महसुली जिल्हा नव्हे. मृदा व जल यांपुरतेच काम असलेली ती एक छोटी स्थानिक संस्था असते. मंडळावर बहुधा पाच जण असतात, काही निवडलेले, काही नेमलेले. शेतकऱ्यावर सक्ती क्वचितच होते. बहुतेक काम सल्ला, करार आणि मदत यांवर चालते. आज तेथे असे सुमारे तीन हजार जिल्हे आहेत. एक गंमतीची गोष्ट अशी की, हा पहिला जिल्हा ओढ्याच्या नावाने आणि ओढ्याच्या पाणलोटासाठी निघाला. पण पुढे बहुतेक जिल्ह्यांच्या हद्दी तेथील महसुली विभागांच्याच हद्दी झाल्या. कारभाराची सोय तिथेही पाण्यावर वरचढ ठरली.

आपल्याकडे असा निवडून आलेला 'मृदसंधारण जिल्हा' नाही. मुंबई प्रांतात 1942 साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. बांधबंदिस्तीच्या योजना आखाव्यात, त्या जाहीर करून जमीनमालकांच्या हरकती ऐकाव्यात, अशी त्यात तरतूद होती. 1972 च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर हजारो हातांनी बांध आणि नालाबांध घातले. 1983 पासून सर्वंकष पाणलोट विकासाचा कार्यक्रम आला. सुटे सुटे बांध न घालता माथ्यापासून पायथ्यापर्यंत सारा उतार एकत्र घ्यावा, हा त्यातला विचार. 1992 मध्ये जलसंधारणासाठी राज्यात स्वतंत्र विभाग झाला. पण या सगळ्यात शेतकरी बहुधा मजूर होता किंवा लाभार्थी होता. कारभारी तो क्वचितच होता.

कारभार लोकांच्या हाती दिला तर काय होते, याची उदाहरणे मात्र महाराष्ट्रातच आहेत. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी 1974 च्या सुमारास पाणी पंचायतीचे काम सुरू केले. तेथील नियम मला वाचताना थक्क करून गेले. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातील माणसांच्या प्रमाणात वाटायचे. माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाला पाण्यावर हक्क देणे ही साधी गोष्ट नव्हे. अर्थशास्त्राच्या पेपरात यावर प्रश्न यायला हरकत नाही! हिवरे बाजारची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तेथे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे नियम ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतले, म्हणून ते टिकले. बोअरवेल शेतीसाठी घ्यायचे नाहीत, हा नियम तर आमच्याकडे नुसता बोलून दाखवला तरी सभा उठेल.

आता पाणलोट समितीकडे येतो. केंद्र सरकारच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही समिती ग्रामसभेने निवडायची असते. तिच्यात किमान दहा सदस्य. त्यांतील निम्मे बचत गट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, महिला व भूमिहीन यांच्यातून घ्यायचे. अध्यक्ष ग्रामसभेच्या विचाराने ठरायचा, सचिव मानधनावर, बँकेत खाते स्वतंत्र. खाजगी जमिनीवरच्या कामासाठी शेतकऱ्याने खर्चाच्या दहा टक्के वर्गणी द्यायची. लहान व सीमांत आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के. ही वर्गणी पाणलोट विकास निधीत जमा होते आणि प्रकल्प संपल्यावर डागडुजीला वापरायची असते. म्हातारबांच्या प्रश्नाचे कागदावरचे उत्तर हेच. आपल्या भागात 2018 पासून जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. पूर्णेचा खारपाणपट्टा त्यात मुद्दाम घेतलेला होता. त्यासाठीची ग्राम कृषी संजीवनी समिती ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 49 खालची, आणि सरपंच तिचे पदसिद्ध अध्यक्ष. 2024 मध्ये पहिला टप्पा संपला.

कागद आणि वावर यांत अंतर असते. माझ्या मामाच्या गावी (गावाचे नाव सांगत नाही, मामा रागावतील) एका समितीत महिला सदस्य म्हणून मामींचे नाव होते. हे मामींना कळले ते सही घ्यायला रजिस्टर घरी आले तेव्हा. त्यांनी विचारले, "कशाची सही?" उत्तर मिळाले, "मीटिंग झाली त्याची." मामींनी सही केली, आणि मग मला सांगितले की, "मीटिंगमधी मी काय बोलले, तेवढं तरी वाचून दाखवायला पायजे होतं." महिलांना जागा राखून ठेवणे सोपे आहे. दुपारी चारला सभा ठेवली की निंदणाला गेलेली बाई कशी येणार, एवढा विचार केला तरी पुष्कळ होईल.

आता घरची गोष्ट. आमचे तीन एकर वावर पूर्णेकडे उतरणाऱ्या काळ्या जमिनीत आहे. काळ्या जमिनीत समपातळीवर बांध घातला तर पाणी तुंबते, पीक पिवळे पडते, आणि एखाद्या रात्री बांधच फुटतो. म्हणून तेथे थोडा उतार दिलेले ढाळीचे बांध घालतात आणि पाणी निघायला दगडी सांडवा ठेवतात. आमच्या वरच्या अंगाला ज्यांचे वावर आहे, त्यांनी तीन वर्षांपूर्वी सांडवा बुजवून धुरा सरळ केला. नांगर वळवायला जागा होते, हे त्यांचे म्हणणे. त्या पावसाळ्यात पाणी धुऱ्यावरून उडी मारून आमच्या तुरीत आले आणि वावरात घळ पडली. मला माझ्या कमरेइतकी माती दिसेनाशी झालेली दिसली. दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला ते आले नाहीत, आणि आम्हीही पत्रिका दिली नव्हती.

बाबा तहसीलमध्ये अर्ज करणार होते. 1906 च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवणाऱ्याला तो मोकळा करण्याचा आदेश देता येतो. अर्ज लिहूनही झाला होता, अक्षर माझेच. पण समितीतले एक वयस्क सदस्य घरी आले आणि म्हणाले, "आधी शिवार फेरी करू. तारीख काय, कवाबी पडते." मग एका सकाळी आठ-दहा माणसे, कृषी खात्याचे एक कर्मचारी आणि त्यांची दुर्बीण असा तांडा निघाला. दुर्बिणीतून पाहिल्यावर कळले की चूक एकट्या शेजाऱ्याची नव्हती. सांडव्याचे पाणी पूर्वी ज्या चरातून नाल्याला जात होते, तो चर आम्हीच आजोबांच्या काळात पेरणीत घेतला होता. बाबा दिवसभर काही बोलले नाहीत. अर्ज अजून ट्रंकेत आहे.

ठरले असे: सांडवा पुन्हा दगडाने बांधायचा, दगडांचा खर्च निम्मा-निम्मा, आणि चर मोकळा करून नाल्यापर्यंत न्यायचा. पण नाला गाठायला शेवटची तीसेक हात जमीन तिसऱ्याच शेतकऱ्याची, आणि ती शेजारच्या गावच्या शिवारात. आमच्या समितीचा ठराव तेथे चालत नाही. त्या गावची समिती निराळी. पाणलोट एक असला तरी ग्रामपंचायती दोन असतील तर समित्या वेगळ्या करायच्या, असे त्या सूचनाच सांगतात. भूजलाच्या 2009 च्या कायद्यात गावाऐवजी पाणलोटासाठी समितीची कल्पना आहे. पण ती अधिसूचित क्षेत्रासाठी आणि भूजलासाठी. धुऱ्याच्या भांडणाला तिचा काय उपयोग?

ते तिसरे शेतकरी आमच्या ग्रामसभेला पाहुणे म्हणून आले. मत देण्याचा त्यांना अधिकार नव्हता, मात्र जमीन त्यांचीच जाणार होती. त्यांनी ऐकून घेतले, पान खाल्ले, आणि "पाहू" म्हणून गेले. पुढे आठवड्याने त्यांनी चर काढू दिला. बदल्यात त्यांच्या बांधाला आमच्याकडचे दगड लागले. यात कायदा नव्हता, लेखी काही नव्हते. माझे राज्यशास्त्र येथे थांबते.

दोन पावसाळे चर नीट वाहिला. यंदा उन्हाळी नांगरटीत त्यांच्या हद्दीतला अर्धा चर पुन्हा मिटला, आणि सांडव्याचे चार दगड सरकले. निधीतून डागडुजी मागावी तर आमच्या गावचा निधी त्यांच्या शिवारात खर्ची टाकता येत नाही, असे सांगण्यात आले. परवा बाबा आणि वरचे शेजारी, दोघे एकाच मोटारसायकलवर बसून त्यांच्याकडे जाऊन आले. निरोप असा आहे की मृगाच्या आधी एका सकाळी दोन्ही गावच्या लोकांनी यावे, ते दोरी धरायला तयार आहेत. फावडी आपापली आणावी.