खिडकीवरच्या फरशीला बांबूचा टेकू

चंद्रपूर-गडचिरोलीकडे मातीच्या घरांजागी विटा-सिमेंटची घरे उभी राहत आहेत. ओट्यामागच्या भिंतीला चिनी मातीची फरशीही लागते. भिंतीवरची फरशी खालच्या ओळीवर टेकते, पण खिडकीच्या वर आधारच नसतो. ओल्या सिमेंटात तिथली फरशी घसरते, सैल राहते आणि पुढे स्वयंपाक करणारीच्या अंगावर पडू शकते.

यावर उपाय सोपा. चौकटी करताना सुताराकडे उरलेली सरळ सागवानी पट्टी खिडकीवर पाणसळीत आडवी धरा. तिला खालून बांबूचे दोन टेकू द्या. फरशी पाण्यात भिजवून, निथळवून पट्टीवर टेकवत बसवा. पूर्ण एक दिवस टेकू हलवू नका. गवंडी घाई करील. तुम्ही करू देऊ नका.